गिअरला थंडीचे पाणी: उणे १९६ अंशांची प्रक्रिया जड वाहनांच्या सुट्या भागांना खरोखर मानवते का?

क्राऊनपिनियन (धागा सुरू करणारे)

सर्व सभासदांना नमस्कार.

वाडीच्या ट्रान्सपोर्ट वस्तीत मी गेली बावीस वर्षे जड वाहनांचे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल उघडून बांधण्याचे काम करतो. उमरेडच्या खाणीतला कोळसा वाहणारे टिप्पर, वणी-चंद्रपूरकडून येणारे ट्रेलर आणि बैतूलकडचा घाट उतरून शहरात शिरणारे मालट्रक यांचीच कामे माझ्याकडे अधिक येतात, आणि त्यांतही क्राऊन व पिनियनचा, म्हणजे मागच्या धुरीतील मोठ्या दातेरी चाकाचा आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचा, जोड हा सर्वांत महाग आणि सर्वांत लवकर तक्रार करणारा भाग असतो. त्यामुळे धातूला द्रव नायट्रोजनच्या साहाय्याने उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून त्याचे आयुष्य वाढवण्याच्या प्रक्रियेबद्दल, जिला बाजारात सगळे नुसते ‘क्रायो’ म्हणतात तिच्याबद्दल, मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

दीड वर्षापूर्वी, ऐन पावसाळ्यात, एका जुन्या टिप्परमालकाच्या संमतीने मी नवा कोरा क्राऊन-पिनियनचा संच दुसऱ्या शहरातील एका केंद्राकडे या प्रक्रियेसाठी पाठवला. तो परत आला तेव्हा दातांच्या मुळाशी आणि बेअरिंगच्या बैठकीवर तांबूस गंजाचे ठिपके होते. ते पुसून, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) बदलत बदलत बॅकलॅश, म्हणजे दातांमधला मोकळा खेळ, बसवला, रंग लावून दातांचा ठसा पाहिला. तो नव्या संचात जसा दाताच्या मध्यावर येतो तसा काही केल्या येईना, म्हणून जवळात जवळचा ठसा मिळाल्यावर मी हौसिंग बंद केले. गाडी पहिल्या दिवसापासून घरघर करत होती. तिसऱ्या आठवड्यात पिनियनचा एक दात मुळातून तुटला आणि त्याने क्राऊनचे चार दात सोबत नेले. थंड केल्यानंतर टेम्परिंग (ठिसूळपणा घटवण्यासाठी पुन्हा हलके तापवणे) केले होते का, असे मी केंद्राला विचारले, तेव्हा भाग कारखान्यातूनच टेम्पर होऊन आलेला असल्याने पुन्हा गरज नसते, असे उत्तर मिळाले.

एका तुटलेल्या दातावरून प्रक्रियेला दोष देणे बरोबर नाही, हे मला समजते. गाडीत क्षमतेपेक्षा अधिक कोळसा भरला गेला असेल, माझ्या बांधणीतही काही राहिले असेल. पण टिप्परमालकाचे पैसे माझ्या शब्दावर गेले होते, म्हणून नेमके काय घडते हे समजून घेतल्याशिवाय मला स्वस्थ बसवेना. वर्षभर वाचून, हिंगण्याच्या भट्टीवाल्यांना विचारून जे समजले ते खाली मांडतो. चुकत असेल तेथे जाणकारांनी सुधारावे.

लोहार पाजळलेल्या विळ्याला पाणी देतो तेव्हा तापलेले पोलाद एकदम थंड होऊन कडक होते, हे आपण सर्व जाणतो. तापलेल्या पोलादातील अणूंची मांडणी ऑस्टेनाइट नावाची असते. ती झपाट्याने थंड केली की मार्टेन्साइट नावाची, ताणलेली आणि अतिशय कठीण मांडणी तयार होते. मात्र हे रूपांतर एका क्षणी पुरे होत नाही. ते एका ठरावीक तापमानाला सुरू होते आणि पुढे जितके अंश खाली उतरावे तितकेच पुढे सरकते. वेळ दिल्याने ते फारसे वाढत नाही, थंडी वाढवल्यानेच वाढते. कार्बन जितका अधिक, तितके हे सुरुवातीचे आणि शेवटचे तापमान खाली जाते. क्राऊन-पिनियनसाठी ईएन ३५३ किंवा २० एमएनसीआर ५ यांसारखे कमी कार्बनचे पोलाद वापरून त्याच्या पृष्ठभागात भट्टीत कार्बन मुरवतात, त्यामुळे आत चिवट गाभा आणि वर सुमारे एक मिलिमीटर जाडीचा, ०.८ टक्क्यांच्या आसपास कार्बन असलेला कडक थर मिळतो. या वरच्या थराचे रूपांतर पुरे होण्याचे तापमान शून्याच्या पुष्कळ खाली असते. म्हणजे आपल्याकडे तेलात विझवलेल्या गिअरच्या वरच्या थराला लोहाराचे पाणी अर्धवटच चढलेले असते आणि काही ऑस्टेनाइट तसेच शिल्लक राहते.

कोइस्टिनेन आणि मारबर्गर यांनी १९५९ साली मांडलेल्या सूत्राने हे शिल्लक प्रमाण अंदाजे काढता येते. रूपांतर १५० अंशांना सुरू होते असे धरून मी आकडेमोड केली. आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या हवेत गार झालेल्या थरात सुमारे ३१ टक्के ऑस्टेनाइट शिल्लक राहते, आणि तोच गिअर जानेवारीच्या १२ अंशांच्या पहाटे गार झाला तर सुमारे २२ टक्के. म्हणजे नागपूरच्या भट्टीतून निघालेल्या मालात ऋतूप्रमाणे फरक पडू शकतो, ही गोष्ट मला विशेष वाटली. पुढे उणे ८० अंशांना हे प्रमाण ८ टक्क्यांवर येते आणि उणे १९६ अंशांना २ टक्क्यांवर.

येथेच माझा प्रश्न आहे. ३१ वरून ८ वर येण्याचे काम सुक्या बर्फानेही होते, कारण त्याचे तापमान उणे ७८.५ अंश असते. मग उरलेल्या सहा टक्क्यांसाठी द्रव नायट्रोजनचा आणि चोवीस तासांचा खर्च कशासाठी? आणि दुसरा प्रश्न असा की बाजारातून आणलेला तयार भाग या प्रक्रियेला द्यावा की देऊ नये?

---

धातुशिक्षिका

क्राऊनपिनियन भाऊ, आपण फार काळजीपूर्वक लिहिले आहे. मी धातुशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे, त्यामुळे आपल्या आकडेमोडीतली एक बाब आधी सांगते, कारण आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे.

ते सूत्र सलग थंड होत जाणाऱ्या पोलादासाठी आहे. विझवण्याच्या मध्येच थांबून भाग सामान्य तापमानाला पडून राहिला, किंवा त्याचे १८० अंशांना टेम्परिंग झाले, की उरलेले ऑस्टेनाइट स्थिरावते. कार्बनचे अणू त्याच्यातील दोषांभोवती आणि सीमांवर जाऊन बसतात आणि नंतर कितीही थंड केले तरी ते पूर्वीइतक्या सहजतेने रूपांतरित होत नाही. म्हणून विझवल्यानंतर तासाभरात दिलेली थंडी आणि दोन वर्षे दुकानाच्या फळीवर राहिलेल्या गिअरला दिलेली थंडी यांची बरोबरी होत नाही. आपण पाठवलेला संच दुसऱ्या प्रकारातला होता. त्यात रूपांतर झालेच नाही असे मी म्हणणार नाही. थोडे झाले असणार, आणि दुर्दैवाने तेवढ्यानेही नुकसान होऊ शकते. कसे ते सांगते.

ऑस्टेनाइटचे मार्टेन्साइट होताना आकारमान सुमारे चार टक्क्यांनी वाढते. वरच्या थरात दहा-पंधरा टक्के रूपांतर झाले तर ही वाढ मायक्रॉनच्या हिशेबात मोजण्याइतकी होते. क्राऊन आणि पिनियन हे दोन्ही भाग कडक केल्यानंतर एकमेकांवर घासून, जोडीने लॅपिंग करून तयार केलेले असतात; म्हणूनच त्यांच्यावर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो आणि एकाच्या जागी दुसऱ्या जोडीतला बसवू नये असे आपणच गिऱ्हाइकांना सांगत असाल. लॅपिंग झाल्यानंतर दातांचा आकार मायक्रॉनभर जरी बदलला तरी ती जुळणी बिघडते. ठसा मध्यावर न येणे आणि घरघर या दोन्ही गोष्टींचा खुलासा मला येथे दिसतो.

टेम्परिंगबद्दल केंद्राने आपल्याला दिलेले उत्तर चुकीचे होते. थंडीत नव्याने तयार झालेले मार्टेन्साइट हे कधीच टेम्पर न झालेले, ठिसूळ आणि ताणाखालचे मार्टेन्साइट असते. आधीचे टेम्परिंग आधीच्या मार्टेन्साइटचे होते, याचे नव्हे.

आता उणे ८० आणि उणे १९६ यांतल्या फरकाकडे येते. लुइझियाना टेक विद्यापीठातील रँडल बॅरन यांनी १९८२ साली निरनिराळ्या पोलादांवर या दोन्ही तापमानांची तुलना प्रसिद्ध केली. हत्यारी पोलादांत खोल थंडीचा लाभ सुक्या बर्फाच्या थंडीपेक्षा स्पष्टपणे अधिक दिसला, साध्या कार्बन पोलादात आणि बिडात मात्र दिसला नाही. केवळ शिल्लक ऑस्टेनाइटच्या हिशेबाने हा फरक समजावता येत नव्हता. पुढे १९९४ साली जपानमधील संशोधकांनी मांडले की, खोल थंडीत मार्टेन्साइटची जाळी आक्रसते, कार्बनचे अणू किंचित सरकतात, आणि नंतरच्या टेम्परिंगमध्ये त्या ठिकाणी अतिशय बारीक कार्बाइड (कार्बन आणि धातूच्या संयुगाचे) कण विखरून तयार होतात. झीज रोखण्याचे काम हे कण करतात. हे सरकणे संथ असल्याने येथे वेळेलाही महत्त्व येते. भारतात बंगालमधील संशोधकांनी डी २ या हत्यारी पोलादावर केलेल्या कामात ३६ तासांपर्यंत लाभ वाढत गेला आणि त्यानंतर वाढला नाही, असे आढळले. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात मोहनलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच ईएन ३५३ पोलादावर काम करून २००५ साली झीजरोधात वाढ नोंदवली आहे. मात्र त्यांनी नमुने कार्बन मुरवल्यानंतरच्या उष्णता-प्रक्रियेचाच भाग म्हणून थंड केले होते. बाजारातून आणलेले तयार गिअर नव्हेत.

---

उमरेडमार्ग

नमस्कार. माझे अकरा टिप्पर कोळशाच्या वाहतुकीवर आहेत. शास्त्र मला फारसे समजत नाही, पण क्राऊन-पिनियन का जातात याच्या नोंदी मी सात वर्षांपासून वहीत ठेवत आलो आहे आणि त्या नोंदी या चर्चेला उपयोगी पडाव्यात म्हणून लिहीत आहे.

माझ्याकडे दात केवळ झिजून बारीक झाल्यामुळे संच बदलावा लागला, असे फार थोड्या वेळा घडले. बहुतेक वेळा हौसिंगचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचे छिद्र) कोळशाच्या भुकटीने आणि चिखलाने बुजलेला निघाला. ब्रीदर बुजला की आतली गरम हवा ऑइल सील ढकलून वाट काढते, गाडी थंड झाली की त्याच वाटेने पाणी आणि धूळ आत ओढली जाते, आणि तेल दुधाळ होते. काही वेळा पिनियनचे नट सैल होऊन बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बसवताना दिलेला दाब, गेलेला होता. उरलेल्या वेळा चालकाने चिखलात रुतलेली गाडी क्लच झटक्याने सोडून काढण्याचा प्रयत्न केला होता. यांपैकी कोणत्या कारणावर थंडीची प्रक्रिया उपाय ठरेल? धूळमिश्रित तेलातली झीज ती कमी करत असेल तर मला तिच्यात रस आहे. नसेल तर तोच पैसा मी ब्रीदरची नळी चासीच्या वरपर्यंत नेण्यात आणि तेल वेळेवर बदलण्यात घालेन.

---

धातुशिक्षिका

उमरेडमार्ग भाऊ, आपल्या वहीतल्या नोंदी अतिशय मोलाच्या आहेत. झटक्याने तुटलेल्या दातावर आणि सैल झालेल्या बेअरिंगवर या प्रक्रियेचा काहीही उपाय नाही. दाताच्या मुळाशी वाकण्याचा ताण येऊन जो थकवा येतो, त्यासाठी शॉट पीनिंग ही वेगळी प्रक्रिया आहे. तिच्यात छोट्या गोळ्यांचा मारा करून पृष्ठभागात दाबाचा ताण निर्माण करतात आणि गिअरचे उत्पादक ती सर्रास वापरतात.

धुळीच्या बाबतीत चित्र सरळ नाही, आणि विक्रेते हा भाग कधी सांगत नाहीत. कठीण कण दातांवरून घासत गेल्याने होणारी खरवड कमी करण्यास बारीक कार्बाइड आणि अधिक मार्टेन्साइट उपयोगी पडतात. पण तोच कण दोन लोळणाऱ्या पृष्ठभागांच्या मध्ये चिरडला गेला तर खळगा पडतो, खळग्याच्या काठावर ताण एकवटतो आणि तेथून पापुद्रा सुटू लागतो. अशा वेळी थोडे मऊ, शिल्लक राहिलेले ऑस्टेनाइट त्या काठाला बोथट होऊ देते. दूषित तेलात चालणाऱ्या बेअरिंगसाठी पृष्ठभागात ऑस्टेनाइटचे प्रमाण मुद्दाम अधिक ठेवणारे उत्पादक आहेत, ते याच कारणाने. म्हणून सगळे ऑस्टेनाइट संपवणे हे प्रत्येक भागासाठी हितकारक नसते. आपल्या पिनियनच्या टेपर बेअरिंगना तर या प्रक्रियेच्या वाटेला लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

---

भट्टीवाला

हिंगणा एमआयडीसीत माझी कार्ब्युरायझिंगची, म्हणजे पोलादात कार्बन मुरवण्याची, भट्टी आहे. शून्याखालची प्रक्रिया आम्ही मोजक्या कामांसाठी करतो, आणि ती कशी करावी यावर क्राऊनपिनियन भाऊंच्या अनुभवामुळे सविस्तर लिहावेसे वाटले.

भाग तेलातून काढल्यावर तेल धुऊन स्वच्छ करावा लागतो आणि तो हाताला सोसेल इतका गार झाला की पुढचे काम सुरू करावे लागते. आडवेतिडवे छेद असलेला, एकदम पातळ-जाड होणारा भाग असेल तर चीर पडण्याचे भय असते, म्हणून त्याला आधी १०० ते १५० अंशांचे हलके टेम्परिंग देतात. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे त्यामुळे ऑस्टेनाइट काहीसे स्थिरावते, पण तडकलेल्या गिअरपेक्षा ते परवडते. त्यानंतर बंद कक्षात नायट्रोजनची वाफ थोडी थोडी सोडून मिनिटाला साधारण एक अंश या गतीने खाली उतरतात. भाग थेट द्रवात बुडवायचा नाही. काही ठिकाणी पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवतात तशा क्रायोकॅनमधून द्रव ओतून, उघड्या पिंपात भाग बुडवून ‘क्रायो’ झाले म्हणून देतात, हे मी पाहिले आहे. त्यात वरचा थर आणि गाभा यांच्या तापमानात एवढा फरक पडतो की सूक्ष्म चिरा पडल्या तरी आश्चर्य वाटू नये. तळाला पोहोचल्यावर चोवीस तास किंवा अधिक ठेवणे, तितक्याच संथपणे वर आणणे, आणि लगेच १५० ते २०० अंशांना दोन तास टेम्परिंग करणे, हा क्रम आहे. ग्राइंडिंग आणि लॅपिंग त्याच्यानंतर.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर, एक किलो पोलाद सामान्य तापमानापासून उणे १९६ अंशांपर्यंत नेण्यास निव्वळ गणिताने अर्ध्या लिटरच्या आसपास द्रव नायट्रोजन लागतो. कक्ष थंड करणे, चोवीस तासांची गळती, अर्धवट भरलेला कक्ष हे सारे धरले की प्रत्यक्षातला वापर त्याच्या पुष्कळ वर जातो. म्हणून एकट्या-दुकट्या भागाचे काम कधीच परवडत नाही. कक्ष भरून माल असेल तरच दर उतरतो, आणि कोणी फार स्वस्तात एकच भाग करून देत असेल तर किती तास ठेवला याची नोंदपट्टी मागावी.

आणखी एक गोष्ट या धाग्यावरच्या गॅरेजवाल्या मंडळींना मला कळकळीने सांगायची आहे. एक लिटर द्रव नायट्रोजनची सुमारे सातशे लिटर वाफ होते. तिला रंग नाही, वास नाही, घुसमटही जाणवत नाही, कारण शरीराला कोंडल्याची जाणीव कार्बन डायऑक्साइडमुळे होते आणि तो तर श्वासाबरोबर बाहेर पडतच असतो. माणूस सरळ बेशुद्ध होतो. थंड वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खाली साचते. आपल्या गॅरेजमध्ये गाडीखाली उतरून काम करण्याचा खड्डा असतो. त्या खड्ड्याजवळ किंवा दारे लावलेल्या खोलीत हा प्रयोग कोणीही, अगदी एका क्रायोकॅनने सुद्धा, करू नये.

---

नवशिका

मी यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ब्रेक ड्रम, पाटे (लीफ स्प्रिंग) आणि पिस्टन यांच्याबद्दल कोणी सांगू शकेल का? बॅरन यांना बिडात लाभ दिसला नाही असे वर आले आहे, पण ब्रेक डिस्कवर ही प्रक्रिया करणारे लोक परदेशात पुष्कळ आहेत असे वाचनात आले.

---

धातुशिक्षिका

आपण योग्य ठिकाणी बोट ठेवलेत. ब्रेक ड्रम आणि डिस्क करड्या बिडाच्या असतात आणि त्यांची घडण प्रामुख्याने पर्लाइट नावाच्या, संथपणे थंड होताना बनणाऱ्या मांडणीची असते. ते विझवून कडक केलेले नसतात, त्यामुळे त्यांच्यात रूपांतर होण्यासारखे ऑस्टेनाइट जवळजवळ नसते. तरीही इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली करड्या बिडाच्या ब्रेक डिस्कवर प्रयोग करून झीज कमी झाल्याचे नोंदवले, आणि त्याच वेळी कठिणतेत किंवा सूक्ष्मरचनेत म्हणण्यासारखा बदल दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिले. म्हणजे परिणाम दिसतो पण त्याचे कारण हाती लागलेले नाही, अशी ही स्थिती आहे. अशा ठिकाणी मी ‘होतच नाही’ असे म्हणणार नाही आणि ‘दुप्पट आयुष्य’ असेही कोणाला लिहून देणार नाही. ड्रमच्या बाबतीत लायनिंगचा प्रकार, घाटातली उष्णता आणि चालकाची सवय यांचा परिणाम इतका मोठा असतो की पाच-दहा टक्क्यांचा फरक त्यात दिसूनही यायचा नाही.

पाट्यांच्या पोलादात कार्बन अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा अधिक असतो आणि त्याचे टेम्परिंग ४५० अंशांच्या आसपास झालेले असते. त्या तापमानाला शिल्लक ऑस्टेनाइट विघटित होऊन जाते. पाटे झिजून नव्हे तर थकव्याने तुटतात. त्यांच्यावर पैसा घालू नये. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, त्याच्यात मार्टेन्साइटचा प्रश्नच येत नाही. अॅल्युमिनियमच्या भागांतील अंतर्गत ताण घटवण्यासाठी द्रव नायट्रोजनमध्ये थंड करून नंतर वाफेने झटकन तापवण्याची एक वेगळी पद्धत आहे, पण तिचा हेतू मशिनिंगमध्ये भाग वेडावाकडा होऊ नये हा आहे. झीज कमी करणे हा नव्हे.

याउलट डिझेल इंजेक्टरच्या नोझल आणि सुईसारख्या, मायक्रॉनभर अंतर राखून सरकणाऱ्या भागांना शून्याखालची प्रक्रिया कारखान्यातच देण्याची पद्धत जुनी आहे. तेथे मुख्य कारण मापाची स्थिरता हे असते, कारण शिल्लक ऑस्टेनाइट वापरात हळूहळू रूपांतरित झाले तर भाग फुगून अडकतो.

---

साचेकार

बुटीबोरीत माझे प्रेस-साच्यांचे वर्कशॉप आहे. वाहनांचे भाग घडवणारे पंच आणि डाय आम्ही डी २ पोलादाचे करतो, म्हणजे दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम. आमच्या कामात या प्रक्रियेचा लाभ मला निश्चितपणे दिसला आहे. पंचाला दोनदा धार लावण्याच्या मधल्या काळात आम्ही पूर्वीपेक्षा बरेच अधिक नग काढतो.

तरीही एक सूक्ष्म भेद नोंदवते. २०० अंशांच्या आसपास टेम्पर केलेल्या डी २ मध्ये शिल्लक ऑस्टेनाइट भरपूर असते, तेथे फरक मोठा पडतो. पाचशे अंशांच्या वर दोनदा टेम्पर केलेल्या पंचात ते आधीच संपलेले असते, तेथे आम्हाला मोजण्यासारखे काही हाती लागले नाही. म्हणून क्राऊनपिनियन काका, कोणताही भाग पाठवण्यापूर्वी पोलाद कोणते आणि टेम्परिंग किती अंशांचे, ही दोन उत्तरे हातात असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नंतर कठिणता तपासून समाधान मानू नये, हेही सांगते. एचआरसी (कठिणतेचा रॉकवेल आकडा) एखाद-दोन अंकांनीच वाढतो, तेवढा फरक यंत्राच्या चुकीतही येतो.

---

क्राऊनपिनियन

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या संचात काय घडले असावे हे मला आज पहिल्यांदा नीट उमगले, आणि टिप्परमालकाला मी हा संपूर्ण धागा वाचून दाखवणार आहे. त्यांचे झालेले नुकसान मी मजुरीतून फेडत आणले आहे, पण का झाले याचे उत्तर मी त्यांना देऊ शकलो नव्हतो.

बाजारातून आणलेला, लॅपिंग झालेला संच मी यापुढे या प्रक्रियेला पाठवणार नाही. मात्र प्रक्रियेवरचा माझा विश्वास या चर्चेमुळे उलट वाढला आहे, फक्त तिची जागा माझ्या गॅरेजमध्ये नसून भट्टीत आहे. भट्टीवाला भाऊ, आपल्याकडे जुन्या ट्रॅक्टरांचे आणि गिअरबॉक्सचे बदली गिअर कापणाऱ्या कारखानदारांचा माल येत असेल. त्यांच्यापैकी कोणी तयार झाले तर गिअरबॉक्सच्या दुसऱ्या गिअरच्या सहा नगांवर असा प्रयोग करावा, असा माझा विचार आहे: एकाच ओतीच्या पोलादाचे, एकाच खेपेत कार्बन मुरवलेले सहा नग घ्यायचे, तीन नेहमीच्या रीतीने आणि तीन विझवल्यावर तासाभरात थंड करून, मग टेम्पर करून, आणि सगळ्यांचे ग्राइंडिंग शेवटी. प्रत्येक प्रकारचा एक नग कापून शिल्लक ऑस्टेनाइट क्ष-किरण विवर्तनाने मोजून घ्यायचे. नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या धातुशास्त्र विभागात मी चौकशी करतो. उरलेले चार उमरेडमार्ग भाऊंच्या चार गाड्यांत घालायचे, आणि कोणत्या गाडीत कोणता नग आहे हे चालकांना, शक्य तर मलाही, सांगायचे नाही.

उमरेडमार्ग भाऊ, आपली वही येथे कामी येईल. दर तेलबदलाला डायल गेजने बॅकलॅश मोजून किलोमीटरसह लिहायचा, आणि तेलाचा नमुना बाटलीत भरून ठेवायचा, म्हणजे त्यातील लोखंडाचे प्रमाण नंतर एकदमच तपासता येईल. चार गाड्यांवरून ठाम निष्कर्ष निघणार नाही, याची मला जाणीव आहे. आरंभी चारही गाड्यांचे ब्रीदर मी स्वतः वर चढवून देईन आणि त्याची मजुरी घेणार नाही.

---

उमरेडमार्ग

मला मान्य आहे. ज्या चार गाड्या एकाच खाणीतून एकाच रेल्वे साइडिंगवर जातात, त्याच देतो. ब्रीदरचे काम मात्र अकराही गाड्यांचे करा आणि त्याचे पैसे घ्या.

---

भट्टीवाला

गिअर कापणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकाशी आज दुपारी बोलणे झाले. सहा नग जादा कापून देण्यास ते तयार आहेत. दिवाळीनंतरची खेप धरू या.

गंजाच्या ठिपक्यांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून तेवढे सांगून ठेवतो. ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या हवेचा दवबिंदू चोवीस अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड असलेला भाग कक्षातून बाहेर काढला की त्याच्यावर लगेच पाणी सुटते, आधी दहिवरासारखे गोठते आणि मग वितळून दातांच्या मुळाशी साचते. आपला संच अर्धा गरम होताच कोणीतरी घाईने बाहेर काढून ठेवला असणार. आमच्याकडे कक्षाचे झाकण आतले तापमान चाळीस अंशांवर गेल्याशिवाय उघडत नाहीत, आणि तेथून भाग थेट टेम्परिंगच्या भट्टीत जातो. दिवाळीनंतर हवा कोरडी असते, तरी या सहा नगांसाठीही तसेच करीन.